उपरण्याखालचं चौथं बोट

मुळशीच्या धरणाचं काम जोरात चालू होतं, त्या सालांत मी पौडच्या बाजारात बैलांची दलाली करत होतो. माझ्याइतका खोटं बोलणारा माणूस तेव्हा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना नव्हता. हे मी गर्वाने सांगत नाही, खात्रीने सांगतो. एका मरतुकड्या बैलाची तारीफ करताना मी म्हणालो होतो, की याच्या आज्याने शिंग लावून डोंगर तीन हात सरकवला, म्हणून तर घाटातली वाट तिथे वाकडी आहे. गिऱ्हाइकाने बैल घेतला आणि वाट बघायलाही गेला. पुढच्या बाजारी येऊन म्हणाला, "वाकडी हाय खरी."

पण तोंडाचं खोटं बाजारात फुकट असतं. भाव तोंडाने ठरतच नसे, तो ठरे उपरण्याखाली. दलालाने आपलं उपरणं पसरायचं, त्याखाली आधी घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, मग विकणाऱ्याचा. सगळा पंजा धरला की पन्नास, आणि मग जितकी बोटं धरली तितके दहा वर. चारी बाजूंनी माणसं माना लांब करून उभी असत, पण त्यांना कापड हललेलं दिसे, बाकी काही नाही. पैसेही दलालाच्याच हातून जात. म्हणजे घेणाऱ्याने नव्वद धरले आणि मी विकणाऱ्याला सत्तरच दाबले, तर मधले वीस कुठे गेले हे त्या कापडालाच ठाऊक.

असं करणारे दलाल होते. त्यांची घरं कौलारू होती. माझं घर गवताने शाकारलेलं, आणि पावसाळ्यात ते इतकं गळे की एकदा आमच्या चुलीपाशी हातभर मासा सापडला. खेकडा होता, असं बायको म्हणते. असेल. सांगायचं ते असं, की माझं तोंड जितकं सैल तितकी बोटं घट्ट. बोटांनी मी कधी खोटं बोललो नाही. का, ते नीट सांगता येत नाही. माणूस कुठेतरी खरा असावा लागतो, नाहीतर त्याला स्वतःचा पत्ताच लागत नाही. मी ती जागा उपरण्याखाली ठेवली होती.

त्या साली मात्र कौलांचा योग आला. धरणावर दगड वाहायला बैल लागत. ठेकेदाराचा मुकादम बाजारात आला. त्याच्या मिशा एवढ्या लांब की तो वळला की दोन्हीकडची माणसं खाली वाकत. तो मला म्हणाला, वर्षभर सगळ्या जोड्या तुझ्याच हातून घेईन, फक्त भाव ताब्यात ठेव. बायकोने हे ऐकलं आणि साठवलेले दहा रुपये पहिल्या सौद्याच्या सकाळी माझ्या कनवटीला घट्ट बांधले. बाजार उरकला की कुंभाराला कौलांचा विसार द्यायचा, आणि मगच घरी यायचं.

पहिलीच जोडी विकायला आली होती एक बाई. वय पन्नाशीचं, पदर खोचलेला, आणि आवाज बैलांनाही धाक वाटावा असा. तिचं भाताचं खाचर धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं, म्हणून बैल विकून ती भरे गावी लेकीकडे राहायला निघाली होती. मी विचारलं, घरातलं कोणी पुरुषमाणूस? तर म्हणाली, गेल्या साली दिराला गाय विकायला धाडलं, तो पैशांच्या जागी एक मोठी गोष्ट घेऊन आला. आता सौदा मीच करणार.

मुकादमाने माझ्या हातात पंजा दिला आणि तीन बोटं. ऐंशी. मी वळलो, तर बाईने सरळ हात पुढे केला.

आता तुम्हाला खरं सांगतो. वाघाचे कान धरून मी त्याला उरवड्याच्या वेशीबाहेर हाकललंय, पण माझ्या उपरण्याखाली बाईमाणसाचा हात कधी आला नव्हता. मला दरदरून घाम फुटला. तव्यावरची भाकरी उचलावी तसा तो पंजा मी धरला आणि सोडला. मग चिमटीच्या टोकांनी तिची तीन बोटं धरायला गेलो, आणि लाजेने चिमूट निसटून चौथ्यालाही लागली. मला ते कळलं. पण बाईने लगेच मान हलवली, दावं मुकादमाच्या हातात दिलं आणि बैलांच्या पाठीवरून एकदा हात फिरवून तोंड वळवलं.

पैसे तिने दोनदा मोजले.

"दादा, दहा कमी हायेत."

झालं, बाजार गोळा झाला. मुकादम म्हणाला ऐंशीच ठरले. एक कौलारू दलाल म्हणाला, बाईमाणसाला बोटांची मोजणी काय कळणार. मुकादम माझ्या कानाशी लागला, की तीन म्हण, पुढच्या बाजारी पाच जोड्या घेतो. बाई कोणाकडे बघतच नव्हती, फक्त माझ्याकडे.

"तुमीच सांगा. किती धरलीत?"

माझ्या जिभेला इतकं सोपं काम जन्मात मिळालं नव्हतं. एकच शब्द, आणि तो निम्मा खराही होता.

"धरायची तीन होती," मी म्हणालो. "धरली चार." आणि कनवटीची गाठ सोडली. बायकोने ती अशी मारली होती, की सोडायला दात लावावे लागले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाजारात उघड खरं बोललो, आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. दलाल म्हातारीवर भाळला, असं ठरलं. मुकादम त्या कौलारू दलालाकडे गेला, आणि दिवाळीपर्यंत त्याच्या शेळ्यासुद्धा कौलांखाली राहायला लागल्या. बाईने दहा रुपये पदरात बांधले. वर एवढंच म्हणाली, की पुढच्या बाईचा हात नीट धरा.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको दारातच बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"अवं, लगीन झाल्यापास्नं बाराशे गोष्टी ऐकल्या तुमच्या. ही त्यातलीच का?"

"न्हाई."

"मग पसरा उपरणं. दाखवा कशी धरली ती."

पसरलं. पंजा धरला, सोडला. मग तीन बोटं. वीस वर्षांच्या संसारातला हात, पण दुपारच्या उजेडात, शेजारीण बघत असताना, मला पुन्हा तसाच घाम फुटला. बायको डोळे मिटून बसली होती.

"चार," ती म्हणाली.

"तीन धरली मी."

"चार लागली मला." तिने हात काढून घेतला आणि हसायला लागली. "म्हंजे ती बाई खरं बोलली. आन जलमात एकदा तुमीबी."

त्या साली आम्ही पुन्हा गवतच घातलं. मी वर शाकारत होतो, ती खालून पेंढ्या देत होती. अजून किती हव्यात, तिने विचारलं. मी वरून तीन बोटं दाखवली.

तिने चार दिल्या.