वहीतल्याच नंबरावर

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना थांबाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सव्वीस वर्षं त्या हिशेबाच्या टेबलाशी बसत होत्या. कुणी घाईघाईने कागद पुढे सरकवला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो "थांबा". त्यांचा नवरा गमतीने सांगे, "मला होकार देतानाही ही आधी थांबाच म्हणाली होती."

नव्या खात्यावर पैसे पाठवायचे असले की थांबाबाई स्वतः फोन लावत. समोरच्याला खात्याचा नंबर वाचायला सांगत, मग आपण वाचत, दोन-दोन आकडे करून. ही सवय त्यांच्या आईची. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि घरात दूधवाल्याचा हिशेबसुद्धा दोन-दोन आकड्यांत सांगायची. फोन मात्र लावायचा तो थांबाबाईंच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलेल्या नंबरावरच. पत्रावर छापलेल्या नंबरावर त्या कधीच लावत नसत. "खोटं पत्र लिहिणारा माणूस त्यावर नंबर तरी खरा कशाला लिहील?" असं त्यांचं म्हणणं.

थोरले मालक होते तोवर यावर कुणी हूं की चूं केलं नाही. पण ते थकले, घरी बसले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. धाकट्या मालकांना सगळं कालच झालेलं हवं असे.

एका मंगळवारी कागदाची रिळं पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. आमची बँक बदलली आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात पाठवा. माल ट्रकमध्ये भरून तयार होता, पैसे पोचले की निघणार होता. थांबाबाईंनी वहीतला नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तासाभराने पुन्हा लावला, तेच.

दुपारी धाकटे मालक टेबलाशी येऊन उभे राहिले. "पत्रावर नंबर आहे ना, त्यावर लावा."

"त्यावर नाही लावणार."

"बाई, तीन वाजता कागद संपेल. मशिनं बंद पडतील."

"पडू देत. उद्या चालू करता येतील. गेलेले पैसे उद्या कुठून आणणार?"

"मी सांगतोय, पाठवा. जबाबदारी माझी."

"मग बटण तुम्हीच दाबा. माझ्या सहीने हे जाणार नाही."

बटण काही मालकांनी दाबलं नाही. तीन वाजता मशिनं थांबली. कामगार पायऱ्यांवर येऊन बसले आणि थांबाबाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा कुणी त्यांना वाट दिली नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फोन लागला. त्या कंपनीची लाइन आदल्या दिवशी बंद होती. तिथल्या म्हाताऱ्या हिशेबनिसाने खोकत खोकत सगळे आकडे वाचून दाखवले. पत्र खरं होतं, खातंही खरं होतं. थांबाबाईंनी पाच मिनिटांत पैसे पाठवले.

मालकांनी सगळ्यांना जमवलं. "अख्खा दिवस फुकट गेला. खातं खरं निघालं. आता सगळ्यांसमोर म्हणा, चूक झाली."

थांबाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "खातं खरं निघालं, बरं झालं. पण ते खरं आहे हे काल तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी विचारलं. विचारण्यात चूक कसली?"

"म्हणजे माफी नाही."

"नाही."

त्याच संध्याकाळी त्यांना गोदामात पाठवलं, तयार खोक्यांचे गठ्ठे मोजायला. टेबलावर बसला मालकांचा मेहुणा. शिकलेला, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारा. गोदामात खळीचा वास होता आणि खिडकीची काच फुटकी होती. नवरा म्हणाला, "दे सोडून. या वयात कशाला हा जाच?"

"सोडून का देऊ? मी काय चोरी केलीय?" त्या म्हणाल्या. त्यांनी फुटक्या काचेवर पुठ्ठा ठोकला आणि गठ्ठे असे चोख मोजले की गोदामातल्या मुकादमाला वर्षभराची जुनी तूट सापडली.

तिसऱ्या महिन्यात खळ पुरवणारा व्यापारी स्वतः दारात येऊन उभा राहिला. त्याचे पैसे मिळाले नव्हते. मेहुण्याने फाइल काढून दाखवली. पैसे तर दोन आठवड्यांपूर्वीच गेले होते, नव्या खात्यात, तुमच्याच पत्राप्रमाणे. व्यापारी म्हणाला, "कसलं पत्र?" मेहुण्याने पैसे पाठवण्याआधी फोनही केला होता, पत्रावरच्या नंबरावर. एका गोड आवाजाच्या बाईने सगळे आकडे बरोबर म्हणून सांगितले होते. बँकेने धावपळ करून एक तृतीयांश रक्कम अडवली. बाकीची गेली ती गेलीच.

मालक गोदामात आले. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून उभेच राहिले. "उद्यापासून टेबलावर या. मेहुण्याला मी घरी पाठवतोय."

थांबाबाईंनी हातातला गठ्ठा पूर्ण मोजला, आकडा लिहिला, मग वर पाहिलं. "दोन गोष्टी. पहिली, लेखी हवं. नवं खातं असेल तर वहीतल्या नंबरावर फोन झाल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, मग सांगणारे तुम्ही असलात तरी. खाली तुमची सही."

"आणि दुसरी?"

"त्या पोराला काढायचं नाही."

"त्याच्यामुळे एवढं नुकसान झालं, आणि तुम्ही त्याची बाजू घेता?"

"नीट फोन कसा करायचा हे त्याला कुणी सांगितलं? घाई कशी करायची ते मात्र रोज तुम्ही सांगत होतात. त्याला काढलंत तर मी इथेच बरी आहे."

मालक तावातावाने निघून गेले. चार दिवस त्यांनी गोदामाकडे पाहिलं नाही, आणि थांबाबाईंनीही ऑफिसच्या दिशेला मान वळवली नाही. पाचव्या दिवशी शिपाई सहीचा कागद घेऊन आला. त्यांनी तो दोनदा वाचला. एका ओळीत "शक्यतो" असा शब्द घुसवलेला होता. त्यावर लाल रेघ मारून त्यांनी कागद परत पाठवला. संध्याकाळी तो शब्द गाळून, नवी सही होऊन आला.

दुसऱ्या दिवशी मेहुणा मान खाली घालून त्यांच्या टेबलाच्या कडेला उभा होता. त्यांनी खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं, फोन आणि जाड पुठ्ठ्याची वही त्याच्यापुढे सरकवली.

"लाव. आणि ते काय वाचतात ते नीट ऐक. आपण मागाहून वाचायचं."