पाच मंगळवार

मोठी चार वर्षांची आणि धाकटी दीड वर्षाची होती, तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं की मी वज्रेश्वरीचे पाच मंगळवार धरलेत. दर्शन घेणार होते हे खरं, पण ते निमित्त होतं. मला कुठंतरी नुसतं बसायचं होतं.

आमच्या भिवंडीच्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती असं नाही. पण मी टेकले रे टेकले की एकीला शी व्हायची, दुसरीला भूक लागायची. न्हाणीघराची कडी लावली तरी दाराखालच्या फटीतून चार बोटं आत यायची. मोबाइलवर एक बाई छान केस मोकळे सोडून सांगायची, रोज अर्धा तास स्वतःला द्या. तो आणायचा कुठून, ते काही सांगायची नाही. दापोड्याच्या गोडाऊनमधली माझी ड्युटी मोठीच्या वेळी सुटली. तिथल्या जेवणाच्या सुट्टीत मी शेवटची निवांत बसले असेन.

'मला बसायचंय' असं सांगून बाईला घराबाहेर पडता येत नाही. देवीला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. सासूबाईंनी तर का, कशाला, एका शब्दानं विचारलं नाही.

"जा तू. पोरींना मी हाय," एवढंच म्हणाल्या.

सकाळच्या एसटीत खिडकी मिळायची. अंबाडी नाका येईपर्यंत मी डोळे मिटून असायचे. देवीपुढं नारळ ठेवायचा, हात जोडायचे, आणि मग गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसायचं. टाचांच्या भेगा आधी चुरचुरायच्या, मग हळूहळू पाय हलके व्हायचे. मी कसलाही विचार करत नसे. मांडीवर कुणी नाही एवढंच जाणवायचं, आणि तेवढ्यानंही रडू यायचं. दुपारच्या गाडीनं परत.

घरी माझे लाड सुरू झाले. मंगळवारी सासूबाई भांडी घासून ठेवायच्या, माझ्या उपासाला साबुदाणा भिजवायच्या. मला वाटलं, यांना माझी दया आली. मी मूर्खासारखी सुखावले.

चौथ्या मंगळवारी परत आले तर मोठी दारातच उभी होती.

"आई, देवीनं भाऊ दिला?" असं म्हणत तिनं माझ्या पिशवीत डोकावून बघितलं.

"आजून न्हाय गो, पाच झाल्यावर देनार," सासूबाई आतून हसत म्हणाल्या.

"तो आला की मी आजीजवळ झोपणार. तुझ्याजवळ तो," मोठीनं मला समजावून सांगितलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन पोरींची आई देवीचे मंगळवार धरते ती कशासाठी, हे कुणाला विचारावं लागत नाही. आणि माझ्या पोरीनं आपली जागा सोडायची तयारीसुद्धा करून टाकली होती.

गप्प राहिले असते तर पाचवा मंगळवार माझा होता. पुढं आणखी पाच धरले असते तरी कुणी हरकत घेतली नसती. हे मला त्याही क्षणी सुचलं, याची लाज वाटते. मोठी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई, मी देवीकडं काहीच मागितलं नाही," मी सासूबाईंना म्हणाले. "मला या दोघी पुरे आहेत. मी तिकडं पाण्यात पाय सोडून बसते."

"नुस्ती बसतेस?"

"नुसती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या खाली बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या. चार मंगळवार त्यांनी या वयात दोन पोरींमागं पळून काढले होते, ते नातवासाठी. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा संतापही आला.

"बसायचंच हाय तर घरी बस," त्या म्हणाल्या आणि धाकटीला माझ्याकडे दिलं.

मोठीनं त्यानंतर भावाचं नाव काढलं नाही. ती अजून माझ्याजवळच झोपते. खरं बोलल्याचा मला पस्तावा नाही. पण पाचवा मंगळवार काही झाला नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मी घरीच आहे, बसणं मात्र अजून झालेलं नाही.