जोमाने नेलेला लखोटा

माझ्याबरोबर शिकलेला जोमा वारल्याचं मला महिन्यापूर्वी कल्याणच्या बाजारात कळलं, तेही मिठाच्या एका गाडीवानाकडून. परवा माझ्या मामांनी, म्हणजे इथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी, शोकसभा भरवली. 'शाळेचा पहिला आगरी बी. ए., माझा लाडका विद्यार्थी' म्हणत डोळे पुसले. जनाची नाही तर मनाची तरी! मी मध्येच उठून आलो.

लाडका म्हणे. मिठागरातलं पोर म्हणून त्याला संस्कृत मामांच्या अंगणात उभं राहून शिकावं लागलं. ओटीवर आम्ही बसलेले. तरी मिठागरात राबून तिशीत बी. ए. झाला पठ्ठ्या. त्याच्या आईला गाव झपाटलेली म्हणायचं, भगत फोकाने मारायचा. जोमा तिच्या शेजारी बसून वहीत लिहायचा... ती केव्हा बडबडते, कुणाला ओळखते, कशाने शांत होते. मला म्हणाला, "भूतबित नाय रं. तिचं मन दुकतंय. मना त्या मनाचं शास्त्र शिकाचं हाय."

मुंबईला एम. ए.साठी ते शास्त्र शिकवणारे साहेब मोजकीच मुलं घेत आणि हेडमास्तरांचं शिफारसपत्र मागत. मामांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला, कारण माझं इंग्रजी अक्षर वळणदार. 'मनुष्य कष्टाळू आहे, पण सूक्ष्म विचार याच्या रक्तात नाही...' इथे माझी लेखणी अडखळली. मामांनी नुसतं पाहिलं. मी त्यांच्या घरी जेवत होतो, लिहिलं. केसाने गळा कापला आम्ही त्याचा. वर लाखेने बंद केलेला लखोटा मीच त्याच्या हातात दिला. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे त्या भोळ्याला आम्हीच शिकवलेलं! उपरण्यात गुंडाळून त्याने तो स्वतः मुंबईला पोचवला. साहेबांनी नाही म्हटलं. पुढे तो मिठागरावर मुकादमी करत राहिला. भेटला की हसायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. मला वाटे, त्याला काही ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात त्याची बायको वही देऊन गेली. त्यानेच मला द्यायला सांगितलं होतं म्हणे. ती आता माझ्या मेजावर आहे, आणि मला तिथे बसवत नाही. आईच्या नोंदी संपतात त्या पानाला ते पत्र टाचलंय. साहेबांनी कागद परत केले होते. खाली जोमाचं अक्षर:

'सांगणारे हेडमास्तर. लिहिणारा माझा मित्र. तिसऱ्या ओळीला त्याचा हात थरथरला आहे. चौथीपासून सरळ.'