सगळं एकदम

आमच्या मेहुण्याइतका कामाला वाघ, आणि तरीही कुठलंच काम त्या त्या वेळी न करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही.

किराणा घरपोच देणाऱ्या एका कंपनीत तो सर्च सांभाळतो. गिऱ्हाइकाने साबुदाणा शोधला की साबुदाणाच दिसावा, म्हणून मालाच्या हजारो नोंदींचा इंडेक्स असतो. त्यात रोजचे बदल भरणं हे त्याचं काम. "एकेक बदल पाठवत बसलं ना भावोजी, तर सर्व्हर रडतो," तो मला समजावतो. "साठवायचे, गठ्ठा करायचा आणि सगळं एकदम ढकलायचं. अडकेल तेवढंच परत पाठवायचं!" ऑफिसात यासाठी त्याचं कौतुक होतं. पंचाईत अशी, की बाळकुमच्या घरीही तो हेच करतो. कचरा, कुरिअर, इस्त्रीचे कपडे असं सगळं जमल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबत नाही. बायकोशी भांडायचे मुद्दे रविवारपर्यंत साठवतो. तोवर तिचा राग कधीच ओसरलेला असतो आणि हा नुकता पहिल्या मुद्द्यावर आलेला. दिवाळीत फराळाचे डबे त्याने एका दिवसात कोलशेतपासून कल्याणपर्यंत वाटले आणि ज्या घरांना कुलूप होतं तेवढ्यांचेच घेऊन दुसऱ्या दिवशी निघाला. माझ्या बहिणीने गॅलरीतून "वर ये रे, चहा घे" अशी हाक मारली, तर खालूनच ओरडला, "तुमचं झालंय, ताई!"

खडवलीला राहणाऱ्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोनही असाच. "एका वाक्यासाठी काय फोन करायचा? जमू दे की चार गोष्टी." मग महिनाअखेरीस तासभर धबधबा. त्याही हौसेने ऐकायच्या. अलीकडे मात्र त्यांना विसरायला होऊ लागलं. मागच्या महिन्यात आम्ही सगळे खडवलीला गेलेलो असताना त्याने मुलीचं नाटक, नवा फ्रिज, स्वतःची बढती असा महिन्याचा ऐवज त्यांच्यापुढे एका दमात ओतला. त्या गोंधळून बघत राहिल्या आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "अगं, हे कोण? फार बोलतात." मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहिला आणि ते आवरलं. सासूबाईंनाच काय वाटलं कोण जाणे, त्याचा हात थोपटत म्हणाल्या, "एकेक सांगा हो. एकदम नाही मावत."

तेव्हापासून तो रोज फोन करतो आणि एकच गोष्ट सांगतो. आज पाणी आलं नाही. आज भेंडी केली. एवढ्याशा बातमीसाठी हातातलं काम टाकून उठणारा हा माणूस मला पूर्वीपेक्षा फार आवडू लागलाय.

काल मी त्याच्याकडेच होतो. फोन स्पीकरवर होता. मुलीला शाळेत बक्षीस मिळालेलं, ते सांगायला तो अगदी आतुर झाला होता. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

बक्षिसाचं काढलंच नाही त्याने.

"तुझा मुलगा, आई."

"हो का? बरं झालं. बाकीचं उद्या सांग."