थांबा हं, शोधतेय

“तिला कुणापाशी काही मागायची वेळ येऊ नये, एवढंच माझं म्हणणं,” असं भाऊजी एकदा विभागाच्या साहेबांना म्हणाले होते. बोलणं चाललं होतं रुग्णालयाच्या सर्व्हरवरच्या एका जुन्या प्रोग्रामबद्दल. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कागदात घातली.

भाऊजींची बायको याच संगणक विभागात प्रोग्राम लिहायची. चौकशीच्या खिडकीवरच्या साऱ्याजणी तिला ताई म्हणायच्या, त्यामुळे सर्व्हर सांभाळणारा तिचा नवरा आपसूक भाऊजी झाला. ती गेली. नातं तेवढं मागे राहिलं.

कोणता रुग्ण कुठल्या वॉर्डात आहे हे सांगणारा खिडकीवरचा प्रोग्राम तिच्या हातचा. बाकीचे प्रोग्राम ‘प्रक्रिया सुरू आहे’, ‘नोंद आढळली नाही’ असं कोरड्या तोंडाने बोलत. हा तिच्यासारखा बोलायचा. नाव टाकलं की पडद्यावर उमटे, ‘थांबा हं, शोधतेय.’ मग, ‘सापडले! तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.’ आणि नसलंच तर, ‘नाही हो, या नावाचं कुणी आपल्याकडे नाही. काळजी करू नका.’ रुग्णालयात माणूस न सापडणं ही चांगलीच बातमी की, असं तिचं म्हणणं.

खिडकीवरची थोरली त्या पडद्याशी बोलत बसायची. “शोध बाई, सावकाश शोध, मला कुठे गाडी पकडायचीय.” सर्व्हर अडला की वर फोन, “भाऊजी, तुमच्या मंडळी रुसल्यात. सकाळी काय बोललात?”

“मी कुठला बोलतोय? बोलायचं खातं तिच्याकडे.”

ती गेल्यावर ही थट्टा बंद पडली. कुणाची जीभच उचलेना. शेवटी एक दिवस भाऊजींनीच खाली फोन लावला, “काय हो, आज आमच्या मंडळींची तक्रार नाही?” थोरलीला आधी रडू आलं, मग हसू. थट्टा पुन्हा सुरू झाली. तेवढ्यावर भाऊजींचे दिवस निघत होते.

जावा या संगणकी भाषेतले बरेच प्रोग्राम त्या सर्व्हरवर एकत्र नांदत. सगळ्यांना लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, एका सामाईक फोल्डरमध्ये. प्रोग्रामला त्यातला एखादा क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, लागला की त्याने आधी तिथे विचारायचं, तिथे नसला तरच स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहायचं, अशी त्या सर्व्हरची रीत. पुढे नव्या प्रोग्रामांसाठी तारखा हाताळणारी नवी लायब्ररी सामाईक फोल्डरमध्ये आली आणि तिचा प्रोग्राम मुका झाला. त्याला जुनीच लागायची. भाऊजींनी जुनी लायब्ररी तिच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तिच्यापुरता क्रम उलटा केला: आधी आपलं, मग सामाईक. प्रोग्राम बोलू लागला. पुढची कित्येक वर्षं बोलत राहिला.

पण धास्ती काही गेली नाही. उद्या सामाईक फोल्डरमध्ये कुणी आणखी काही बदललं तर? एका रविवारी, विभागात कुणी नसताना, भाऊजींनी तो सगळा सामाईक फोल्डरच नक्कल करून तिच्या फोल्डरमध्ये उतरवला. आता कशासाठीही कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको.

त्या सामानात ‘रुग्ण’ नावाचा क्लासही होता. दाखल झालेल्या माणसांची माहिती तिच्या प्रोग्रामला भरतीच्या प्रोग्रामकडून मिळे आणि ती सामाईक ‘रुग्ण’ क्लासने घडवलेली असे. आता तिच्याकडे स्वतःचा ‘रुग्ण’ होता. जावा क्लासला नुसत्या नावाने ओळखत नाही, तो कुठल्या लोडरने, म्हणजे फोल्डरमधून क्लास उचलून आणणाऱ्या कुठल्या भागाने, आणला हेही बघतं. दोन लोडरांनी आणलेले दोन क्लास अक्षर न् अक्षर सारखे असले तरी एकमेकांना परके. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्राममध्ये भाऊजींनी ही चूक चहा संपायच्या आत पकडली असती. इथे त्यांनी एक नाव टाकून पाहिलं, ‘थांबा हं, शोधतेय’ उमटलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. उत्तर काय येतं ते पाहायला ते थांबले नाहीत. त्यांना तेवढंच वाक्य हवं होतं.

सोमवारी दुपारी थोरलीचा फोन आला. थट्टा नव्हती. “भाऊजी, खाली या.”

सकाळी एक म्हातारे गृहस्थ खिडकीवर आले होते. त्यांच्या बायकोला शेजाऱ्यांनी घाईघाईत कुठल्याशा रुग्णालयात हलवलं होतं. थोरलीने नाव टाकलं. प्रोग्रामला समोरचा रुग्ण रुग्ण वाटेना. आणि काहीही बिनसलं की ‘नाही हो’ म्हणायचं, असं ताईने लिहून ठेवलेलं. म्हातारे गावभरची रुग्णालयं पालथी घालून परत आले तेव्हा इथेच दुसऱ्या मजल्यावर सगळं आटोपलं होतं. “हे आले का?” असं ती बाई शेवटपर्यंत नर्सला विचारत राहिली होती.

“मी पडदा फिरवून दाखवला हो त्यांना,” थोरली पदराने तोंड दाबत म्हणाली. “म्हटलं, तुम्हीच वाचा, नाहीयेत.”

भाऊजी बाकावर म्हाताऱ्यांच्या शेजारी बसले. “चूक माझी झाली.”

“तुमची? तुम्ही कोण?”

“ते मशीन मी सांभाळतो.”

म्हातारे समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागले. “पडद्यावरची ती नुसतं ‘नाही’ म्हणाली असती ना, तर मी भांडलो असतो. वॉर्डावॉर्डात शिरलो असतो. पण किती घरच्यासारखं लिहिलं होतं. काळजी करू नका म्हणून. आमची ही अशीच बोलायची. मी विश्वास ठेवला.”

भाऊजी वर आले. लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा: रुग्ण हा रुग्ण मानता येत नाही. त्यांनी जादा फायली काढल्या, जुनी लायब्ररी तेवढी ठेवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, एक नाव टाकलं. या वेळी उत्तरापर्यंत थांबले. ‘सापडले! पहिला मजला, दाराशेजारची खाट.’

साहेब पाठीशी येऊन उभे होते. “झालं ना नीट? मग राहू दे. प्रोग्रामचा दोष नाही, सेटिंगचा आहे. अहवालात मी तसंच लिहीन.”

भाऊजींनी सर्व्हरवरच्या प्रोग्रामांच्या यादीत तिच्या प्रोग्रामवर बोट आणलं.

“अहो, भरतीच्या प्रोग्राममधूनही शोधता येतं, ते खरं,” साहेब चाचरले. “पण तुम्ही... विचार करा.”

थोरली धापा टाकत जिना चढून आली होती. “भाऊजी, नका ना. मी रोज बोलते तिच्याशी. एवढंच तर उरलंय ताईचं.”

सर्व्हरने खात्री करून घेतली: काढून टाकायचं? भाऊजींनी होय दाबलं. यादीतली एक ओळ गेली, खालच्या ओळी वर सरकल्या.

“बोला तरी काहीतरी,” थोरली म्हणाली.

भाऊजींनी खुर्ची आत सरकवली, तिच्या बाजूने वाट काढली आणि ते बाहेर पडले.