अडुसष्ट अंशांची पेटी

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळींत एकनाथ देवतळेइतका भित्रा माणूस शोधून सापडला नसता. घरातून निघताना शेगडीची बटणं तीनदा बघायची, गाडी लॉक केली की चार पावलं जाऊन परत फिरायचं, पासपोर्टच्या झेरॉक्स प्रती एक घरी, एक ऑफिसात आणि एक गाडीच्या सीटखाली. नागपुरात असताना तो इतका भित्रा नव्हता बरं का. इथे आला, ग्रीन कार्डचा अर्ज गेला, आणि त्या अर्जाबरोबर ह्याचा जीवही कुठल्यातरी सरकारी फायलीत जाऊन पडला. त्यात दोन हजार एक साल उजाडलं आणि न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पाडून मावळलं. त्यानंतर आरशात पोलिसाची गाडी दिसली की ह्याचा वेग दहा मैलांनी उतरायचा, मागचे लोक हॉर्न मारून थकायचे. बोटांचे ठसे देऊन दीड वर्ष झालं होतं आणि रोज संध्याकाळी तो पत्रपेटी उघडून बघत होता.

आता असा माणूस तळघरात बिअर करायचा म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेल? पण करायचा. ऑफिसातल्या विनयने त्याला नादी लावलं होतं. प्यायचा म्हणाल तर जेमतेम एक ग्लास, तोही शनिवारी. त्याला खरी गोडी होती ती तापमानाची. यीस्टला अडुसष्ट अंश फॅरनहाइट लागतात. त्याहून गार झालं की ते झोपी जातं, उष्मा वाढला की पिसाळतं, आणि मग बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारतो. अख्ख्या अमेरिकेत एकनाथच्या हातात असलेली ही एकमेव गोष्ट होती, आणि ती तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा.

जानेवारीत त्याचं तळघर पन्नास-बावन्न अंशांवर उतरायचं. म्हणून त्याने फ्रिजच्या मोठ्या खोक्याला आतून थर्माकोल लावला, बाहेरून जुनी रजई गुंडाळली आणि आत वीस लिटरची बादली ठेवली. बादलीशेजारी कॉफीच्या डब्यात शंभर वॉटचा बल्ब. बल्बला थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅटपासून निघालेल्या वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढा सेन्सर, तो बादलीच्या अंगाला चिकटपट्टीने चिकटवलेला. बादली गार पडली की बल्ब पेटायचा, अडुसष्ट झाले की विझायचा. त्याची बायको उत्तरा ह्या प्रकाराला 'एकनाथचं इनक्युबेटर' म्हणायची.

भीती तिथेही होतीच. त्या वेळी न्यू जर्सीत घरी बिअर करायला परवाना काढावा लागे. एकनाथने फॉर्म डाउनलोड केला, भरला, सहीसुद्धा केली. मग त्याच्या मनात आलं, हा पाठवला तर आपल्या नावापुढे सरकार-दरबारी दारू असा शब्द लागेल. आणि नाही पाठवला तर गुन्हा. दोन्हींची सारखीच धास्ती वाटल्यामुळे फॉर्म ड्रॉवरमध्ये राहिला आणि बिअर होत राहिली. भित्र्या माणसांचे निर्णय हे असे होतात.

दोन हजार चारच्या त्या जानेवारीत नागपूरहून आई आलेली होती. कांचनबाई, वय बहात्तर, दोन्ही कानांत मशीन. पाहुण्यांची खोली तळघरातच होती, जिन्याच्या पलीकडे. पेटी होती ती जिन्याच्या पायथ्याशी. आईला त्याने 'व्हिनेगर करतोय' असं सांगितलं, आणि आईने 'बरं' म्हटलं.

मंगळवारी सकाळी अकराला तिचा ऑफिसात फोन आला. एकनाथ मीटिंगला निघाला होता.

"अरे, इडलीचं पीठ फुगतच नव्हतं बघ. दोन दिवस झाले. मग म्हटलं तुझ्या त्या व्हिनेगरच्या पेटीत छान ऊब आहे. तिथेच ठेवलंय पातेलं."

"बरं केलंस आई. मी मीटिंगला निघालोय."

"पातेलं बसत नव्हतं, ती एक वायर मधे येत होती. ती काढून बाहेर सोडली. आता मी जेवून पडते जरा."

"बरं, बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

मीटिंगमध्ये कोणीतरी पडद्यावर तक्ते दाखवत होतं. एकनाथ मान डोलवत होता, आणि मान डोलवता डोलवता साडेबारा वाजता त्याची मान मधेच थांबली. ती एक वायर. पेटीत मधे येईल अशी वायर एकच होती. सेन्सर आता बाहेर, बावन्न अंशांच्या गारठ्यात लोंबत असणार. थर्मोस्टॅटला वाटणार बादली गोठली. बल्ब पेटणार आणि विझणारच नाही. शंभर वॉट, बंद खोकं, थर्माकोल, रजई. आणि आई त्याच्या पलीकडे. वर यायला जिना एकच.

तो कोणाला काही न सांगता उठला. घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा. झोपताना आई कानांतली मशिनं काढून डबीत ठेवते, मग घरात बँड वाजला तरी तिला पत्ता नाही. उत्तरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिचा फोन दुपारी दोनपर्यंत लॉकरमध्ये. शेजारी कोण राहतं, त्यांचा नंबर काय, हे तीन वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये बर्फ पडत होता. पिस्कॅटवेच्या ह्या ऑफिसातून घर एरवी चाळीस मिनिटं, आज किती ते देव जाणे. एकनाथने गाडी सुरू केली आणि नऊ-एक-एक ह्या मदतीच्या नंबरासाठी मोबाइलवर नऊ दाबलं. मग एक दाबलं. मग त्याचा अंगठा थांबला.

आगीचा बंब येईल. बंबाबरोबर पोलीस येतील, इथे येतातच. ते तळघरात उतरतील. वायरी, थर्मोस्टॅट, फसफसणारी बादली, आणि घराच्या मालकाचं नाव देवतळे. परवाना? नाही. रिपोर्ट लिहितील. रिपोर्ट फायलीत जाईल. आणि ती फाइल कुठेतरी त्या दुसऱ्या फायलीला जाऊन भेटेल. दीड वर्षं तो ज्या पत्राची वाट बघत होता, ते पत्र मग वेगळंच येईल. आणि समजा काही झालेलंच नसलं तर? बल्ब असाच कितीदा तासभर पेटतो. त्याने फोन बंद करून शेजारच्या सीटवर टाकला.

टू-एटी-सेव्हन हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. एकनाथ डॅशबोर्डवरचं घड्याळ बघत होता. अकराला पेटलेला बल्ब. एक वाजला. दोन तास. सव्वा वाजला. थर्माकोल किती अंशांना पेटतो, हे त्याला माहीत नव्हतं. अडुसष्टच्या खालीवर अर्धा अंश झाला तर झोप उडणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं! त्याने घरी अकराव्यांदा फोन लावला. मग पुन्हा नऊ आणि एक दाबलं. पुढे एक नांगराची गाडी बर्फ सरकवत चालली होती, तिचा पिवळा दिवा गरगरत होता, आणि त्या दिव्याकडे बघत बघत त्याने फोन पुन्हा खाली ठेवला. आई म्हातारी आहे, धुराने माणूस झोपेतच जातो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते आठवत असतानाही त्याने फोन खालीच ठेवला.

घरापुढे गाडी थांबली तेव्हा दोन वाजायला आले होते. दार उघडायच्या आधीच आतून किंकाळीसारखा आवाज येत होता. स्मोक अलार्म. एकनाथच्या हातून किल्ली दोनदा बर्फात पडली. तळघराचं दार उघडलं तर खाली काळोख, आणि वर चढत आलेला जळक्या प्लास्टिकचा घाणेरडा वास. दिवा लागेना. "आई! आई!" ओरडत तो भिंत चाचपत उतरला. खालच्या पायरीवर बूट ओल्या, चिकट कशाततरी घसरला.

आईच्या खोलीत खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता. तीन ब्लँकेटांखाली ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने खांद्याला धरून गदागदा हलवलं. पहिल्यांदा ती हललीच नाही. तेवढ्या क्षणात एकनाथला जे काही वाटलं, ते त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही.

मग आईने कूस बदलली. "आलास? एवढ्यात संध्याकाळ झाली?"

काय घडलं ते टॉर्चच्या उजेडात कळलं. बादली तापत गेली, यीस्ट पिसाळलं, झाकणावरच्या नळीतून फेस उसळून बाहेर आला आणि धबाधबा बल्बवर पडला. बल्ब फुटला, फ्यूज उडाला. थर्माकोल एका बाजूने वितळून लोंबत होता, रजईला परातीएवढा काळा डाग पडून तो अजून धुमसत होता, आणि इडलीच्या पातेल्यात काचा होत्या. आणखी पाव तास बल्ब टिकला असता तर ही गोष्ट वेगळी असती. एकनाथने रजई ओढून अंगणात बर्फात फेकली, अलार्मची बॅटरी काढली, आणि जिन्यात बसून तो हमसून हमसून रडला.

आईने कानांत मशिनं घातली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. काय झालं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. वायर, बल्ब, मीटिंग, रस्ता.

"माझंच चुकलं बाप्पा," ती म्हणाली. "मला काय माहीत ती वायर कामाची आहे म्हणून? पण काहून रे, तू त्या नऊ-एक-एकला नाही सांगितलंस? आले त्या दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतलास तो नंबर. पाच मिनिटांत दारात येतात म्हणालास."

ओल्या पायऱ्यांना आंबूस वास येत होता.

"केला होता," तो म्हणाला. "लागला नाही."

"अगं बाई! इथेपण लागत नाही?" आईला मनापासून नवल वाटलं. मग तिचा आवाज भरून आला. "एवढ्या बर्फात जीव धोक्यात घालून माझ्यासाठी धावत आलास. उत्तराला सांगते मी. तुझ्या मावशीला पण फोन करून सांगते आज."

"नको आई, कोणाला सांगू नकोस."

"काहून नको? सांगणारच." ती त्याच्या डोक्यावरून, केसांतून हात फिरवत राहिली. आणि पोलीस, फॉर्म, फायली, पत्रपेटी, सगळ्यांना भिऊन जगलेला एकनाथ मान वर करून आपल्या आईच्या तोंडाकडे बघायला घाबरला.