तेरा पायऱ्यांचा तुकडा

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लॅबमध्ये चक्क किंचाळले. थेंबात क्रिस्टल होते... माझ्या प्रोटीनचे क्रिस्टल!

यात काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या पेशींमधला डीएनए रोज कुठे ना कुठे बिघडतो आणि काही प्रोटीन्स तो दुरुस्त करत फिरतात. माझं प्रोटीन बिघडलेली जागा नेमकी कशी पकडतं हे बघायचं, तर डीएनएच्या तुकड्यासकट त्याचे क्रिस्टल व्हायला हवेत. ते अडीच वर्षं होत नव्हते. नाकीनऊ आले होते नुसते!

माझ्या गाइड मॅडमनी दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली होती. नाही जमलं तर हे प्रोटीन सोडायचं आणि नवा विषय घ्यायचा.

आधी खात्री केली, कारण मिठाचे क्रिस्टलही तितकेच देखणे दिसतात आणि मी एकदा फसले आहे. सुईने एक दाबून बघितला. मीठ असतं तर कट्कन तुटलं असतं, याचा मऊ भुगा झाला... प्रोटीनच! बाबा रेल्वेत आहेत, म्हणून आम्ही कोलकात्यात गार्डन रीचला राहतो. त्या संध्याकाळी आईने शिरा केला आणि बाबांनी पुण्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना फोन लावले.

पण क्रिस्टलवर एक्स-रे सोडले तरच आतली रचना कळते, आणि हे क्रिस्टल तेवढे मोठे नव्हते. म्हणून तीच कृती पुन्हा केली... काही नाही. आणखी एकदा केली, तरी काही नाही. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते आमच्याकडे झालंच नाही असं धरतात. सुट्टी आठवड्यावर आली आणि मला जेवण जाईना.

मग फ्रीजर आवरताना मौमितादीची ट्यूब हाताला लागली. ही माझी सीनियर. घरच्या अडचणींमुळे गेल्या वर्षी पीएचडी अर्धवट सोडून गेली, आता बजबजला शाळेत शिकवते.

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी समजा. मी बारा पायऱ्यांचा तुकडा वापरत होते. मौमितादी जाताना तेरा पायऱ्यांच्या तुकड्याची भरलेली ट्यूब देऊन गेली होती, एकदा हा करून बघ म्हणून. एका पायरीने काय होणार, असं मी मनात म्हटलं होतं... अतिशहाणी ना मी!

ती ट्यूब मी कधी उघडलीच नाही, असं माझी प्रयोगांची वही सांगत होती. पण आता तिच्यात तळाशी थोडंसंच उरलं होतं. दोन्ही ट्यूबना हिरवी टोपणं... पहिले क्रिस्टल आले तो थेंब लावताना घाईत मी भलतीच उचलली होती!

वहीत चुकीचं लिहिणं म्हणजे मॅडमच्या लेखी महापाप. वही घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी वहीतलं ते पान उघडलं. "मिटाना मत. एक लाइन खींचो, ऊपर सही नंबर लिखो, साइन करो," म्हणाल्या. मग हळूच, "बचा कितना है?"

चार थेंबांपुरतं उरलं होतं. परवा चारही थेंबांत क्रिस्टल आले, चांगले मोठे, एक्स-रेला पाठवण्याजोगे... मॅडमनी मला मिठी मारली, आणि हे लॅबमध्ये कुणालाच खरं वाटलेलं नाही!

काल दुपारी लोकलने बजबज गाठलं. हे फोनवर सांगायला मन घेईना. स्टाफरूममध्ये मौमितादीच्या हाताला खडू लागलेला होता, तो साडीला पुसून तिने माझ्या फोनवरचा फोटो मोठा केला.

मी भराभरा सांगत सुटले. तुझं ऐकलं नव्हतं, माफ कर... पेपरवर तुझं नाव असणार, मॅडमनीच सांगितलंय... तिचं लक्षच नव्हतं. "एटा आमार तेरो?" एवढंच विचारलं तिने. हे माझं तेरा?

हो म्हटल्यावर ती रडायलाच लागली. लॅब सोडताना, इतक्या वर्षांत माझ्या हातून काहीच झालं नाही, असं म्हणाली होती ती. मग मीही रडले, अगदी मनसोक्त.

दीदी, चूक माझी होती, पण डोकं तुझं होतं. थँक यू!